बाई पोरांच्या घरी जातात तेव्हा

तीर्थस्वरूप तात्या,

पायांवर डोकं ठेवून राजेश्वरीचा नमस्कार. मी इकडे बरी आहे. तुमचा गुडघा, काकींचा खोकला आणि नवी म्हैस (आता तरी ती काकींना धारेला जवळ येऊ देते का?) या तिघांची खुशाली कळवावी. फोन असताना पत्र कशाला, असं तुम्हाला वाटेल. पण पुतणीचा फोन आला की तुम्ही तो स्पीकरवर टाकून ओट्यावर बसता आणि माझी नोकरी सगळ्या आळीला ऐकू जाते. हे पत्र एकट्यानं वाचावं. गोष्ट नाजूक आहे. माझा सातवीचा वर्ग माझ्याशी बोलत नाही.

म्हणजे विचारलं तर उत्तर देतात, 'हजर बाई' म्हणतात, पण तेवढंच. पूर्वी मधल्या सुट्टीत माझ्या टेबलाभोवती गर्दी असायची, कुणाच्या शेळीला करडू झालं, कुणाचा दात पडला, सगळं मला आधी कळायचं. आता मी जवळ गेले की बोलणं थांबतं. तुम्ही फौजेत सुभेदार होता, तुमच्या पलटणीनं असं केलं असतं तर तुम्ही काय केलं असतं ते मला माहीत आहे. मला ते करता येत नाही.

त्याचं असं झालं. साताऱ्याला आमचं प्रशिक्षण झालं. तिथल्या मॅडमनी सांगितलं, की मुलाशी नातं जुळल्याशिवाय शिकवलेलं रुजत नाही, म्हणून त्याच्या घरी जा, घरच्यांपुढे त्याचं कौतुक करा. (मागच्या बाकावरचे गुरुजी तेव्हा डबा उघडत होते. मी मात्र मन लावून ऐकत होते. ऑर्डर एकदाच मिळते, हे तुमचंच शिकवणं.) इकडे पाटणला शाळेत परत आल्या आल्या मी ठरवलं, शाळा सुटली की एकेका पोराचं घर गाठायचं आणि फक्त चांगलं सांगायचं.

पहिलं घर धुळाचं. हा पोरगा चित्रं अशी काढतो, की त्याच्या मेंढरावरून हात फिरवला तर बोटांना लोकर लागेल. हेच सांगायला गेले होते. त्याची आजी रंगूबाई यांनी मला खुर्ची दिली, हातात चहा दिला आणि मी "आजी, तुमचा धुळा" एवढंच म्हणाले, तोवर त्यांनी धुळाच्या पाठीत दोन घातले. मी घाईनं म्हणाले, अहो, मी कौतुक करायला आलेय. तर म्हणाल्या, "आवं बाई, लाजू नगा. मास्तरीण उन्हातनं घरापातूर चालत आली, म्हंजे पोरानं काय तरी केलंच असणार. तुमचा सोभाव गरीब, तुमी सांगणार न्हाई. आमास्नी कळतंय." आणि आणखी एक घातला. तात्या, एका हातात कप, एका हातात बशी, आणि मनात विचार, की हा त्यांच्या घरातला मामला, आपण परक्यांनी कसं बोलावं? मी नुसती बसून राहिले. चहावर साय धरली.

दुसऱ्या घरी बातमी माझ्याआधी पोचली होती. बाईंचा वेळ जाऊ नये म्हणून तिथल्या वडिलांनी मी यायच्या आधीच मार देऊन ठेवला होता. (चहा मात्र ताजा केला.) तिसऱ्या घरापासून पोरंच सापडेनाशी झाली. 'बाई निघाल्या!' अशी हाळी वाडीभर फिरायची आणि सातवीचा वर्ग उसात शिरायचा. एका संध्याकाळी कुणीतरी हलणारा ऊस बघून बिबट्या बिबट्या म्हणून ओरडलं. झालं! माणसं डबे बडवत, काठ्या घेऊन जमली आणि उसातून माझा वर्ग बाहेर आला, तोही हजेरीच्या क्रमानं. (शिस्त मीच लावली आहे.) मग सगळ्यांना एकदमच मार बसला. माझ्यासाठी तोवर खुर्ची आणली होती.

त्या दिवसापासून हा अबोला. शेवटी काल दीपमाला, आमची वर्गप्रमुख, टेबलापाशी येऊन उभी राहिली. ही मुलगी मोठेपणी तहसीलदार होणार, किंवा तहसीलदारांना घाबरवणार. मी विचारलं, "अगं, मी तुमचं चांगलंच सांगायला आले होते ना?"

"त्ये ठावं हाय बाई," ती म्हणाली. "पण धुळाला मार बसत हुता तवा तुमी मधी का न्हाई पडला? आमच्यात शेजारीण सुदिक मधी पडती. पावणं तर पडतातच."

आपल्याकडेही पोराला मार पडला की कुणीतरी मध्ये पडतंच, तात्या, आणि मारणाराही त्याचीच वाट बघत असतो. बी.एड. करता करता हे मी कशी विसरले, कोण जाणे. मी वर्गासमोर धुळाला म्हणाले, माझं चुकलं. त्यानं मान खाली घातली. दीपमाला म्हणाली, "तसं न्हाई जमायचं. तुमी आमच्या घरी आला, आता आमी तुमच्या घरी येणार. जाणं-येणं दोनी बाजूनं पायजे." वर्ग इतक्या दिवसांनी पहिल्यांदा हसला. मी लगेच हो म्हणाले.

बाकी सर्व ठीक. काकींना नमस्कार, तुमच्या जयराजला अभ्यासाला बसवावं.

तुमची,
राजेश्वरी

ता. क. टेम्पो ठरला आहे. येत्या रविवारी सगळा वर्ग वाळव्याला आपल्या घरी येईल. पोरं तुमच्यापुढे माझी तक्रार मांडणार आहेत (शनिवारचा गृहपाठ, खेळाच्या तासाला गणित, वगैरे). सगळं खरं आहे. ऐकून घ्यावं आणि सर्वांदेखत मला रागवावं. मी शिकले तेव्हापासून तुम्ही मला एकही वाकडा शब्द बोललेला नाहीत, औषधफवारणीसुद्धा मला विचारून करता, हे मला ठाऊक आहे. तरी एवढं कराच. 'आमची राजी सोन्यासारखी' असलं काही काढू नये.

आणखी ता. क. रागवताना फौजेतला आवाज काढावा, फौजेतले शब्द काढू नयेत.

शेवटचं ता. क. पाकीट चिकटवणार तोच धुळा आला. आपण होऊन आला, तात्या! त्यानं विचारलं, "तुमचं तात्या लय तापट हायत का?" मी हो म्हणाले. त्यावर तो म्हणाला, "मग मी फुडंच बसतो." तुम्ही उठलात की तो मध्ये पडणार आहे, आणि काय बोलायचं तेही त्यानं ठरवलंय. "जाऊ द्या तात्या, बाई न्हान हायत अजून." तेव्हा तो हे म्हणेपर्यंत, काकी कितीही खुणा करोत, थांबू नका. आणि त्यानं म्हटल्यावर मात्र लगेच खाली बसा.