चालु म्हणजे पुरे

पोचमपल्ली, ४ जून १९९६

ती. सौ. अंडालू अक्कास यादगिरीचा सा. न. वि. वि.

सोलापूरला नांदायला गेल्यापासून माहेर विसरलीस, वडिलांनाही विसरलीस, हा टोमणा आज राखून ठेवतो. नान्ना बसच्या पायरीवरून पडले, ती कपाळाची जखम भरली. बोलणं पूर्वीसारखं, नक्षी तोंडपाठ. म्हणून काल त्यांना साडीचं सूत बांधायला दिलं. खुणेवर रबर बांधायचं, तिथे रंग शिरत नाही, मोकळ्या जागी लाल रंग चढतो, हे मला त्यांनीच शिकवलेलं. त्यांनी मोकळी जागाही बांधली. मग गाठींवर गाठी. जेवायला हाक मारली तरी उठेनात. आता लाल कुठून शिरणार, असं विचारलं, तर म्हणाले, "शिरणार नाही रे, मला दिसतंय की." आणि पुढची गाठ मारली.

अक्का, मला फार भीती वाटते. उत्तर लगेच धाड.

तुझा यादगिरी

सोलापूर, १२ जून

चि. यादगिरीस अनेक आशीर्वाद.

टोमणा पोचला, चोरा. आमचे हे, म्हणजे तुझे बावा, मला मेंदूच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. ते म्हणाले, कपाळाच्या आत जणू एक मुकादम बसलेला असतो. सुरू कर, थांब, आता दुसरं धर, हे तो सांगतो. हातातलं कसब शाबूत राहतं, मुकादम तेवढा जायबंदी होतो. तेव्हा नान्नांना हट्टी म्हणू नकोस. थांबायचा शब्द बाहेरून द्यायचा. अम्मा ताटावर हात आडवा धरून म्हणायची, तसं आपल्या तेलुगूत "चालु" म्हण.

इथे चालू म्हणजे सुरू! नवी होते तेव्हा शेजारच्या मराठी काकूंच्या पंगतीला मी चालु चालु म्हणत राहिले आणि त्या वाढत राहिल्या. तेव्हा हसले होते. आज हसू येत नाही. त्यांना तपासायला घेऊन ये. उकळत्या रंगाजवळ एकटं सोडू नकोस.

तुझी अक्का

पोचमपल्ली, २० जून

चि. सौ. अंडालूस नान्नाचे आशीर्वाद.

यादगिरी चालु म्हणतो आणि हात थांबतात. परवा तो बाजारात गेला होता, मी बांधत होतो. जास्त झालं हे कळत होतं, म्हणून मीच मोठ्याने चालु म्हणालो. हात थांबले नाहीत. पुन्हा म्हणालो. मग परक्याचे हात बघावेत तसा बघत बसलो. पोरी, मला सगळं कळतं, त्याचंच भय वाटतं. सोलापूरला येतो. यादगिरीला मात्र माझ्याजवळून हलू देऊ नकोस. लोभ असू दे. लोभ असू दे. लोभ असू दे. लोभ असू दे. लोभ अ

अक्का, इथे मी चालु म्हणालो. त्यांनी पेन ठेवलं आणि माझा डावा हात धरला. शनिवारच्या गाडीने निघतो. हात अजून सोडलेला नाही, आणि आता मला चालु म्हणवत नाही.

यादगिरी