ताटातल्या अक्षता

मंगळवार, संध्याकाळ

पुन्हा तेच जुनं चित्र. वेबपानांची सजावट ठरवणाऱ्या माझ्या स्टाइलशीट इंजिनात बॅकग्राउंडचा आखूड नियम, म्हणजे सगळं एका ओळीत सांगणारं शॉर्टहँड, नुसता रंग देऊन लिहिला, तरी आधीचं चित्र पुसलं जायला हवं. जात नाही. कुठे चुकतंय?

वैतागून उठलो. आईला आज षोडशोपचार पूजा हवी होती. अहिल्याबाई घाटावर दिवसभर यजमानांच्या पूजा सांगून आलेल्या बाबांनी ‘सर्वोपचारार्थे अक्षतान् समर्पयामि’ म्हणत चिमूटभर अक्षता वाहिल्या आणि आटोपलं. मी म्हणालो, “बाबा, हेच ते शॉर्टहँड. एका ओळीत सोळा उपचार.” बाबा खूश. आई उठून स्वयंपाकघरात गेली. तेव्हाच ओळखायला हवं होतं.

जेवायला बसलो, तर बाबांच्या आणि माझ्या ताटात नुसत्या चिमूटभर अक्षता.

“वरण, भाजी, पोळी, सगळं आलं त्यात,” आई म्हणाली.

बाबा पुन्हा देवापुढे बसले. आत्ता कुठे देवाचं स्नान चाललंय. मी उपाशी, आणि ते चित्र अजून तिथंच.