शील्डची वायर कुठे घालायची

प्रिय टिल्ल्या,

पन्नाशी ओलांडलीस तरी माझ्यासाठी तू टिल्ल्याच, तेव्हा लेकीसमोर हे वाचताना तोंड वाकडं करू नकोस. आधी कामाचं. भिंत फोडू नकोस. गवंड्याला थांबव एवढं मी मोबाइलवर कळवलंच आहे, त्यावर तू फोनांचा सपाटा लावलास तोही पाहिला. मुद्दामच उचलले नाहीत. रागावू नकोस. सगळं इथे सांगते, आणि माझ्या सवयीने पाल्हाळ लावूनच सांगते.

तुझा प्रश्न होता, पोरीच्या रेकॉर्डिंगच्या खोलीत आत तांब्याची जाळी असलेली शील्डची वायर कुठे घालायची आणि साधी कुठे चालते. अरे, सोपं आहे. माइकमधून येणारा सिग्नल अगदी हलका, शेजारची कुठलीही मोटर त्याच्यात नाक खुपसते, म्हणून माइकला शील्ड हवीच. दिव्याची, स्पीकरची वायर स्वतःच्या जोरावर जाते, तिला काय धाड भरलीय! आधी दोन वायरी एकमेकींपासून लांब ठेवून बघायच्या, ओलांडायचीच वेळ आली तर आडवी ओलांडायची, आणि एवढं करूनही गडबड होत असेल तर इतर वायरींना शील्डचा विचार. सगळीकडे शील्ड घालत सुटणारा भित्रा आणि कुठेच न घालणारा आळशी, असं मी माझ्या वायरींच्या दुकानात नेहमी म्हणते. आणि जाळीला अर्थिंग दिलं नाही तर ती नुसती शोभेची. पण हे मी कुणाला शिकवतेय? तू माइकला शील्ड घातलीस, एसीची लाइन वेगळ्या पाइपातून लांबून नेलीस, अर्थिंग दिलंस. तू पाठवलेले फोटो मी पुन्हा पुन्हा पाहिले. माझ्या हातून यापेक्षा वेगळं काही झालं नसतं.

आईचा रेडिओ आठवतो? बातम्या लागल्या की घर्रर्र सुरू. बाबा त्याला थापटायचे, आई बाबांना रागवायची. एक दिवस मला वाटलं, ही घरघर खालच्या शिंपीकाकांच्या मशीनची असावी. तुला जिन्यात उभं केलं आणि बजावलं, काकांनी मशीनच्या मोटरच्या पेडलवर पाय दिला की हात वर करायचा. मी वर रेडिओला कान लावून दारातून तुझ्याकडे बघत बसले. तुझा हात वर गेला की घरघर, खाली आला की बंद. तू मधेच नाक खाजवायला हात उचललास आणि सगळा घोळ केलास, ते वेगळं! त्या दिवसापासून घरात माझं नाव ‘कान’ पडलं, आणि पुढे त्याच कानावर, हॉलमधल्या माइक-स्पीकरची कामं करून, मी पोट भरलं. हॉलमध्ये पाऊल टाकलं की कुठल्या दिव्याचा रेग्युलेटर माइकमध्ये घूं करतोय ते मला कळायचं. खोटं कशाला बोलू, त्याचा तोरा होता मला.

म्हणून तर तू पोरीचं पहिलं रेकॉर्डिंग माझ्याकडे पाठवलंस. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी ती पुस्तकं वाचणार, किती गुणाची पोर! मी हेडफोन लावला आणि तिच्या हळू आवाजामागे बारीक घूं ऐकू आली. तुला सांगितलं, भिंतीतल्या वायरीत गडबड आहे. तुला काही ऐकू येत नव्हतं, तरी तू माझंच खरं मानलंस आणि गवंडी ठरवलास. पोरीने तर आत्या हो म्हणेपर्यंत वाचायचंच नाही असं ठरवलं. हे कळल्यापासून मला अन्न गोड लागत नाहीये.

कारण नंतर तीच घूं माझ्या कामाच्या खोलीतही आली. म्हटलं, आलीस का माझ्याच घरात! माइकची वायर बदलली, फ्रिज बंद केला, चार्जर काढून ठेवले. घूं जाईना. चिडून मी पंख्यालाही शील्डची वायर घातली, म्हणजे बघ किती डोकं फिरलं होतं. आणि मग भरदुपारी वीज गेली. पंखा थांबला, खालच्या गिरणीची मोटर थांबली, गल्लीभर सगळं चिडीचूप. हेडफोन टेबलावर, हातात पक्कड. आणि घूं चालूच.

टिल्ल्या, ती घूं माझ्या डाव्या कानात आहे. डॉक्टरांनी तपासलं. हा कान बराच गेलाय, उजवा बरा आहे, आणि हा आवाज बहुधा राहीलच म्हणाले. मी विचारलं, याला अर्थिंग कुठे देऊ? ते हसले. घरी येऊन मी खूप रडले. या घूंमध्ये फोनवर तुझं बोलणं धड कळत नाही, आणि आवाज ऐकला असता तर तुलाही रडवलं असतं, म्हणून हे पत्र. आता पोरीला सांग, खोली शांत आहे, आत्या हो म्हणाली. पण आत्याच्या शब्दावर तिने यापुढे विसंबू नये, म्हणून पहिल्या दिवशी मी येतेच. मला उजव्या बाजूने हाक मार. हेडफोन तू लाव, मी दारात बसेन. घूं आली तर त्या दिवशी जिन्यात केला होतास तसा हात वर कर. मी तुझ्या हाताकडे बघत राहीन. मधेच नाक मात्र खाजवू नकोस.

तुझीच,
ताई