दिलीपवर बसेल असं अक्षर

सोम. ४ एप्रिल २००५
आज परत तेच. रक्त काढायला हात धरला की पेशंट सुई बघायची सोडून माझा डावा हात वाचतात. पन्हाळ्याकडच्या एका म्हातारीनं मोठ्यानं वाचलं, "दिलीप. मालक व्हय?" व्हय म्हटलं. न्हाय म्हटलं की अख्खी लॅब कान देऊन बसते. घटस्फोटाला तीन वर्षं झाली, कागद कपाटात आहे, आणि हा मनगटाच्या वर चार बोटांवर गोंदलेला, हिरवागार. अ‍ॅप्रनच्या बाह्या काम करताना वर साराव्याच लागतात.
(वहीत इथून पुढं नुसता दि.)

शुक्र. ८ एप्रिल
लॅब सुटल्यावर राजारामपुरीत. गोव्यात शिकून आलेल्या माणसाचं टॅटूचं दुकान. पुसता येईल का विचारलं.
"पुसत न्हाय ताई. वर दुसरं काढायचं. खालचं राहतंयच, दिसत न्हाय एवढंच."
फूल नको म्हटलं. मोर तर नकोच, तो सासूच्या हातावर होता. मग त्यानं चिनी अक्षरांचा तक्ता काढला. शांती, ताकद, नशीब, प्रेम, खाली मराठीत अर्थ. जाड काळ्या रेघा. एकदम पटलं. कोल्हापुरात कुणाच्या बापाला वाचता यायचं नाही.

शनि. ९ एप्रिल
आईला सांगितलं. भाकरी थापत होती.
"मेल्यावर सोनंनाणं हितंच राहतंय. गोंदलेलं तेवढं संगं येतंय."
"मग तर हा झाकायलाच पाहिजे. वर पण हाच गळ्यात का?"
भाकरी तव्यावर टाकली, मग म्हणते, "आणि वर चिनी कोण वाचणार गं?"
हसू आलं. रागही आला. लग्नानंतरच्या पहिल्या जत्रेत सासूनं मला गोंदणारीपुढं हात धरून बसवलं, तेव्हा हीच शेजारी उभी राहून कौतुकानं बघत होती. मी विसरलेले नाही.

मंगळ. १२ एप्रिल
परत टॅटूवाल्याकडं. त्यानं हातावर ट्रेसिंग पेपर ठेवून एकेक अक्षर लावून बघितलं. शांती बसत नाही, वेलांट्या बाहेर येतात. ताकद म्हणजे दोनच रेघा, काय झाकणार. नशिबात शेवटचा 'प' उघडा राहतो. प्रेम मी लावूच दिलं नाही. तास-दीड तास गेला. शेवटी एक बसलं, चौकटीच चौकटी, भरगच्च. दि. चा ठिपकासुद्धा दिसेना. तक्त्यावर खाली बघितलं तर "लग्नातलं सुख".
"चिनी लोक लग्नात दारावर लावत्यात," म्हणाला.
"दुसरं न्हाय काय?"
"दुसरं बसत न्हाय. तुमी अर्थ बघताय का झाकताय?"
झाकतेय. रविवार, सकाळी अकरा.

बुध. १३ एप्रिल
कोपऱ्यावरच्या चायनीजच्या गाडीवाल्याला अक्षर दाखवलं, खात्री म्हणून. मूळचा नेपाळचा निघाला. "ताई, मला कुठं येतंय? गाडीवरची अक्षरं पण पेंटरनं मनानंच काढल्यात."
बरं झालं. हा पण वाचणार नाही.

शुक्र. १५ एप्रिल
दि. आला. लॅबमध्ये. समोरच्या डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन. फॉर्मवर नाव वाचेपर्यंत खुर्चीत बसलाही होता. तीन वर्षांनी. डोळे पिवळे, दंड वाळून गेलेला. दुसऱ्या टेक्निशियनला बोलवायला हवं होतं. बोलावलं नाही. एका हाताला शीर मिळेना, दुसऱ्याला मिळाली. ट्यूबवर नाव लिहायचं असतं. लिहिलं.
त्यानं माझा हात बघितला.
"अजून हाय की गं, सुमे."
चक्क खूश झाला. शिवी दिली असती तर चाललं असतं, हे खूश होणं सोसेना.
"रविवारपर्यंत हाय," म्हटलं.
त्याला कळलं नसावं. कापसाचा बोळा दाबून धरत गेला.

शनि. १६ एप्रिल
रिपोर्ट मीच काढला. दोनदा लावला, मशीन चुकलं असेल म्हणून. मशीन बरोबर होतं. लिव्हर संपत आलंय.
न्यायला कोणी आलं नाही. पाकीट ट्रेमध्येच.
आईला सांगितलं नाही. मला वाईट वाटतंय. वाटायचं काही कारण नाही, तरी वाटतंय, आणि त्याचाच संताप येतोय. तो गेला तर हे नाव कुठं कुठं राहील, डोक्यात यादी. त्यांच्या सातबाऱ्यावर, रेशनकार्डावर, आणि

रवि. १७ एप्रिल
अकराला पोचले. टॅटूवाल्यानं माझा हात साबणानं धुतला, दाढीचं ब्लेड फिरवलं, कागद दाबून अक्षराचा निळा छाप उठवला. छाप पातळ, त्यातून दि. अजून आरपार वाचता येतोय. एकावर एक दोघं.
"सुरू करू का, ताई?"
रोज मी लोकांना सांगते, मूठ वळा, तिकडं बघा, झालंच. मूठ वळली. पाच मिनिटं थांबा म्हटलं. तो चहा सांगून आला, हातमोजे घालून बसला. मी उजव्या हातानं हे लिहितेय, डावा त्याच्या टेबलावर.
चहा आला, प्याला. त्यानं मशीनचं बटण दाबून बघितलं, बंद केलं.
"ताई, दुसरं गिऱ्हाईक बाराला हाय."
पावणेबारा झालेत.