दोन हात कमी पडलेला बादगीर

फरामर्ज, तुझ्या घरात जीव गुदमरतो. तीन उन्हाळे सांगतेय. तू "हो आई" म्हणतोस आणि फोन कानाला लावतोस. काल दुपारी पुन्हा वीज गेली, तुझं ते थंड हवेचं यंत्र गप्प झालं आणि काचेच्या भिंतींमागे मी भट्टीतल्या रोटीसारखी फुगले. पाच खोल्या फिरले, एकीतही टेकवेना. छपरावर वारा खाली आणायला बादगीर, वाऱ्याचा मनोरा, बांधलायस, आणि त्याच्या तोंडाला काच बसवलीस. वारा येतो, काचेवर आपटतो, निघून जातो. मला ऐकू येतं. म्हणून आता कागदावर लिहिते.

आता रीतसर. देवाचं नाव घेऊन मी, तूबा, मरहूम उस्ताद यदुल्ला गवंडी यांची बायको, वय एक्याऐंशी, राहणार यझ्द, लिहून ठेवते की माझं डोकं ठिकाणावर आहे, गुडघे नाहीत. हे कोणाच्या दबावाखाली लिहिलेलं नाही. फरामर्जच्या वकिलाने टाइप करून आणलेला कागद मी सही न करता परत पाठवला. त्यात मला "परमपूज्य" म्हटलं होतं आणि बादगीराचं नाव नव्हतं. पन्नाशीत साक्षरतेच्या वर्गात जे अक्षर शिकले त्यात हे लिहिते. वाचायला त्रास झाला तर होऊ द्या.

कलम पहिले. मला उस्तादांशेजारी पुरा. मयताच्या हलव्यात केशर घाला. हळद घालून फसवू नका.

कलम दुसरे. पितळी समोवार सूनबाई शहीन हिला. तिने तो माझ्या हयातीतच नेऊन दिवाणखान्यात ठेवलाय आणि त्यात प्लास्टिकची फुलं खोचलीत. अट अशी की फुलं काढून त्यात चहा करावा. या घरात ज्याला तोंड आहे ते सगळं बंद करून शोभेला ठेवायची हौस फार.

कलम तिसरे. फहादान मोहल्ल्यातलं आमचं मातीचं घर. कायद्याने माझ्या मर्जीने देता येतो तो तिसरा हिस्साच. उरलेल्यात फरामर्जला दोन वाटे, लेक अशरफ हिला एक. बापाचं आजारपण काढलं अशरफने, पण कायद्याला ते दिसत नाही, आणि मला कायदा बदलता येत नाही. येत्या मेहर महिन्यात, उन्हाळा सरला की, फरामर्ज ते घर पाडून तिथे आपलं बाविसावं आलिशान घर उभारणार आहे. हे मला त्याने सांगितलं नाही. मासिकातल्या फोटोखाली वाचलं: "वाळवंटाशी मैत्री करणारं घर." वाळवंटाला विचारलं का कोणी?

तर माझा तिसरा हिस्सा म्हणजे बादगीर, त्याच्या खालची खोली आणि तळघर. हा हिस्सा अशरफची मुलगी गुलरुख हिला. ती मामाच्याच कचेरीत नकाशे काढते. बाकीचं घर पाडायचं तर बादगीर मध्ये उभा ठेवून पाडा. बघू कसं जमतं.

कलम चौथे. हे लिहायला मला अकरा दिवस लागले. तीनदा फाडलं.

आमच्या धंद्याची रीत अशी. बादगीर किती उंच न्यायचा ते नकाशा ठरवत नाही. गवंडी वर थर चढवतो, खाली एक बाई कापसाचा पेळू दोऱ्याला टांगून बसते. वरून तो विचारतो, "आला का?" कापूस हलला तर ती म्हणते "आला". नाही हलला तर अजून एक थर. उस्तादांच्या चाळीसेक घरांत खाली बसणारी बाई मी होते. कधी चुकले नाही. एकदाच खोटं बोलले, तेही स्वतःच्या घरात.

तीर महिना होता, भर उन्हाळा. अशरफ पोटात. उस्ताद सकाळपासून वर. आदल्याच आठवड्यात पलीकडच्या मोहल्ल्यातला गवंडी उन्हाने चक्कर येऊन पडला होता.

"तूबा, आला का गं?"

"नाही!"

थोड्या वेळाने पुन्हा, आवाज खरखरीत. "आता?"

कापूस मेल्यासारखा लोंबत होता. शेजाऱ्याची भिंत आडवी येत होती, अजून दोन हात चढवायला हवं होतं. मी ओरडले, "आला, आला! उतरा आता!"

ते उतरले, हौदावर तोंड धुतलं, खाली येऊन बसले. कापसाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाले, "जरा चहा टाक." त्यानंतर एकतीस उन्हाळे त्याच जागी बसून पाहुण्यांना सांगत, "वारा आहे हं इथे." पंखा मी हलवायचे.

फरामर्जने तोच बादगीर पट्टी लावून मोजला आणि बापाचं माप म्हणून एकवीस घरांवर चढवला. गेल्या वर्षी मला म्हणतो, "आई, वारा येत नाही त्यातून, म्हणून तर काच लावतो. जुन्या लोकांची कौतुकं आहेत नुसती."

"मग बांधतोस कशाला?"

"गिऱ्हाइकांना दिसायला आवडतो."

"मेलेल्याला चष्मा लावतोस होय?"

हसला. मग म्हणाला, "बाबांचा हात चांगला होता गं, पण वाऱ्यातलं त्यांना कळत नव्हतं."

तेव्हापासून झोप नाही. कळत त्यांना होतं. खोटं मी बोलले.

कलम पाचवे. म्हणून एकही वीट पाडण्याआधी तो बादगीर दोन हात उंच करावा. उस्तादांची थापी फरामर्जला. वर त्यानेच चढावं, मजूर पाठवू नये. कापसाची डबी गुलरुखला. वारा आला तर फरामर्जने एकवीस घरमालकांना आपल्या तोंडाने सांगावं की चूक आईची, बाबांची नाही, आणि बादगीरांच्या तोंडच्या काचा काढाव्यात. नाहीच आला तर सगळं घर पाडा, गुलरुखने अडवू नये, आणि माझं बोलणं माझ्याबरोबर गेलं असं समजा.

सही: तूबा

साक्षीदार: हाजी नसरुल्ला नानवाई, फहादान. सकीना बानू, शेजारीण, जिची ती भिंत.

यझ्द, १९ खोरदाद १४०३

सहीखाली जागा उरलीय म्हणून लिहिते. फरामर्ज वरून विचारेल. तो दमलेला असेल, आवाज खरखरेल, गुलरुख, तुला मामाची दया येईल. कापूस हलल्याशिवाय "आला" म्हणायचं नाही. अशरफने मध्ये बोलायचं नाही, शहीननेही नाही. उत्तर गुलरुखनेच द्यायचं.