खटक्यापाशी बसलेली बाई

४ जानेवारी १९७२
आले बाई साखर कारखान्यात! राहुरीपासनं टेम्पोत, नवं लुगडं नेसून. हजेरीला ‘लंका’ अशी झोकात सही ठोकली, तर बाकीच्या अंगठेवाल्या बघतच राहिल्या. जोडीदारीन कडूबाई म्हनाली, कुंकू पुसलेलीला एवढा नखरा कशाला? म्हनलं, नवरा गेला, नाक न्हाई गेलं माझं.
काम असं: दर सोमवारी गाळप थांबतं. मग लोखंडी पेटीत शिरून, ऊस तोडायच्या पात्यांत अडकलेली चिपाडं उपसायची. बाहेर भिंतीला मोटरीचा खटका. दांडा खाली, बंद. वर, चालू.

१० जानेवारी
सूर्यभान मुकादम म्हंजे नुसतं मिशीचं बुजगावनं. सायबानं खटक्याला कुलूप दिलेलं. आत शिरनारीनं लावायचं, किल्ली सोबत न्यायची. मुकादम शिंगनापूरचा. तिथं घरांना दारं न्हाईत. कुलूप लावलं तर देव कोपतो म्हनून यानं ते हिरीत टाकलं! इच्यारलं, देव तुमच्या मोटरीची बी राखन करतो व्हय? सगळ्या खिदळल्या.
कडूबाई सांगत हुती, गेल्या साली राहीबाई आत आसताना यानंच खटका वर केला. बाईचं काय उरलं न्हाई. हा म्हनतो, हात माझा हुता, करनारी दुसरी हुती. काय तर सबब!

१७ जानेवारी
आज मी आत. भाईर येऊन बघते तर मुकादमानं दोनी हात फेट्यानं नळाला बांधून घेतलेले. घामाघूम. म्हने राहीबाईला आत सोबत पायजे, ती हात मागती. बाप्या की कोंबडी? लई हसले.

२१ जानेवारी
सायबानं नवं कुलूप धाडलं. कडूबाई म्हनली, लावू गं, माझी पोरं लहान हाईत. म्हनलं, लोखंडाच्या तुकड्यावर इस्वास, माझ्यावर न्हाई? मी सोता बसते खटक्यापाशी, कोन माई का लाल हात लावतो बघू. कुलूप सायबाला परत धाडलं.

२४ जानेवारी
कडूबाई आत. मुकादम आला न्हाई, ताप म्हने. भागुबाई कुठला! मी ऐटीत बसले. डावा हात दांड्यावर, उजव्या हातात पेन्सिल.

डावा हात गार पडलाय. वाऱ्यानं आसंल.

बोटं मिटली. मी न्हाई मिटली—

वरडाया गेले. तोंड उघडंना. पाय बी न्हाई. उजवा हात तेवढा माझा हाय, म्हून लिवते. आतून कडूबाई इच्यारती, लंके, झोपलीस का गं?

दांडा हलला. निम्मा वर—

कुनी येत का न्हाई— सगळे जेवाय—

पेन्सिल टाकते. उजव्यानं डावा धरते. कडू, भाईर ये, भाई