रेकॉर्डची दुसरी बाजू

सर, काल दुपारी तुमची रेकॉर्ड अखेर पुरती ऐकून झाली. साठ वर्षं लागली. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "आणलास का एकदाचा गृहपाठ!" मी आता सिडनीत, पेंडल हिलला मुलाकडे राहतो. स्टेशनाजवळ आपल्या लोकांची दुकानं आहेत. तिथून मेथी घेऊन परतताना नातीने मला जुन्या वस्तूंच्या दुकानात ओढलं. तिला हल्ली रेकॉर्डींचं वेड लागलंय. खोक्यातून चाळता चाळता तिने एक वर काढली, आणि मी मेथीची जुडी तिच्या हातात कोंबून ती रेकॉर्ड घेतली. तेच कव्हर: ऑर्गनपाशी बसलेला धिप्पाड काळा माणूस, एका पायातला बूट काढून बाजूला ठेवलेला. "आजोबा, यू नो धिस गाय?" म्हटलं, "ओळखतो. मिरजेपासून."

तुमच्या वर्गात कविता आधी पायांत यायची. बाकांखाली सगळ्यांचे पाय ठेका धरत, तो जुळला की तुम्ही पेटीवर सूर द्यायचात, आणि मग कुठे शब्द. त्या शनिवारी मात्र पेटीऐवजी तुम्ही रेकॉर्ड प्लेअर घेऊन आलात. बोटीवर नोकरीला असलेल्या तुमच्या मित्राने फ्रान्सच्या बंदरातून ती रेकॉर्ड आणली होती. "हा अमेरिकेतला माणूस," तुम्ही सांगताय, "तिथे मान मिळेना, म्हणून पॅरिसला जाऊन राहिलाय. वाजवतो मात्र स्वतःच्या गल्लीतलंच. आणि ऐका रे, खर्ज पायाने वाजवतोय!" भजनासारखं संथ सुरू झालेलं ते वादन बघता बघता जत्रेत शिरलं. आम्ही सगळे पाय आपटत होतो. पहिली बाजू संपली आणि घंटा झाली. तुम्ही रेकॉर्ड माझ्या हातात दिलीत. "तुझ्या काकांकडे प्लेअर आहे ना? दुसरी बाजू ऐक आणि सोमवारी मला सांग काय ऐकलंस. जपून हं."

जपायलाच गेलो, सर. तिच्यावर बोटांचे ठसे दिसले, म्हणून रिठ्याच्या पाण्याने स्वच्छ धुतली आणि गच्चीवर आईच्या सांडग्यांशेजारी वाळत घातली. चैत्रातलं ऊन. जेवून वर गेलो तर काठ पापडासारखा वळलेला. काकांच्या प्लेअरवर सुई टिकेचना. काका म्हणाले, "आता तळून खा!"

सोमवारी मी खोटं बोललो. सांगितलं, आधी ऐकली, मग धुतली. तुम्ही ती वाकडी रेकॉर्ड खिडकीच्या उजेडात धरून बराच वेळ पाहिलीत. रागावाल असं वाटलं. पण विचारलंत एवढंच, "मग काय ऐकलंस?" मी सुचेल ते बोलत गेलो. फार संथ आहे, सर. एक माणूस पुष्कळ वर्षांनी घरी येतो. दाराला कडी आहे, पण आत कुणीतरी दिवा लावून ठेवलाय. तो बाहेर उभा राहून दिव्याकडेच बघत राहतो. मग म्हणालात, "शेवटी कोणी हसलं का रे?" मी ठामपणे म्हणालो, "छे, सर. हसण्यासारखं काही नाहीच त्यात." त्यावर तुम्हीच किंचित हसलात. "बरं. आत्ता सांगितलंस ते लिहून आण."

ते तुम्ही वर्गात वाचून दाखवलंत, फळ्याशेजारी लावलंत. सगळे शाबास म्हणाले. फसवून मिळवलेली शाबासकी. मी इंजिनिअरिंगला असताना तुम्ही गेलात, कबूल करायचं राहूनच गेलं. नंतर कविता लिहीत राहिलो, पण वही कुणाला दाखवली नाही. बायकोलासुद्धा नाही. वाटायचं, मुळातच खोट आहे.

काल नातीने दुसरी बाजू लावली. संथ कसली! नुसता नाच. टाळ्या, आरोळ्या, ऑर्गन धावत सुटलेला, आणि अगदी शेवटी, सूर थांबायच्या आत, तो माणूस खदखदून हसतो. "ही'ज लाफिंग, आजोबा!" नात ओरडली. एकदा ऐकलेलं कुणी विसरणार नाही असं हसू आहे ते. म्हणजे त्या सोमवारी माझ्या एका उत्तरात तुम्हाला सगळं कळलं होतं. आणि तरी तुम्ही म्हणालात, लिहून आण.

आज सकाळी वही काढली. मागच्या अंगणात नातीला एक कविता वाचून दाखवली. निम्मे शब्द तिला कळले नाहीत, पण दुसऱ्या कडव्यापासून तिचा पाय हलायला लागला. "आजोबा, स्लो डाउन, मला कॉर्ड्स शोधू दे," म्हणत ती आतून कीबोर्ड घेऊन आली. पुढच्या रविवारी इथल्या मराठी मंडळाचा कार्यक्रम आहे. आम्हा दोघांचं नाव दिलंय.

हे पत्र टाकायचं कुठे? त्याच वहीत ठेवतो. फक्त एक सांगून टाकतो, सर, रागावू नका. त्या माणसाची दुसरी बाजू झकास आहे. पण मला अजूनही माझीच जास्त आवडते.